मत्स्यपिंजऱ्यांसाठी लाटांची वीज: यंत्राची चाचणी कशी घ्यावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. किनाऱ्यापासून दूर, ३० मीटर खोलीवर तरंगत्या पिंजऱ्यांत मासे वाढवले जातात. सगळी वीज खाद्य बार्जवरच्या, म्हणजे माशांचे खाद्य साठवून पुरवणाऱ्या तरंगत्या नौकेवरच्या, डिझेल जनरेटरमधून येते. लाटांपासून वीज करणाऱ्या यंत्राचा एक उत्पादक त्याचे १० किलोवॅटचे यंत्र चाचणीसाठी द्यायला तयार आहे. ते थेट पिंजऱ्यांशेजारी नांगरून पाहावे का, आणि चाचणी यशस्वी झाली हे कशावरून ठरवावे?

थेट पिंजऱ्यांशेजारी नांगरू नका. आणि १० किलोवॅट हा आकडा तूर्त बाजूला ठेवा. तो जनित्राची कमाल क्षमता सांगतो, तुमच्या पाण्यात रोज किती वीज हाती येईल ते सांगत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की मत्स्यपालनाची गरज आणि लाटांची ऊर्जा यांचे वेळापत्रक बऱ्याचदा उलटे असते. समुद्र खवळला की यंत्र भरपूर वीज देते, पण तेव्हा खाद्य देणे बंद असते आणि नळीतून खाद्य फुंकणारे ब्लोअर थांबलेले असतात. उलट उन्हाच्या, वाराच नसलेल्या दिवसांत पाण्यातला ऑक्सिजन उतरतो, हवा सोडणारे कॉम्प्रेसर अखंड चालवावे लागतात आणि नेमक्या त्याच दिवशी यंत्र जवळजवळ गप्प असते. म्हणून चाचणीचा खरा विषय ही उलटी जुळणी आहे. तुमच्या प्रत्येक तासाच्या मागणीपुढे त्या तासाला लाटांनी काय दिले, हे मांडता आले पाहिजे.

आधी बार्जवरची मागणी मोजा

चाचणीची सुरुवात समुद्रात होत नाही, बार्जवरच्या वीजफलकापासून होते. प्रत्येक फीडरवर, म्हणजे फलकातून निघणाऱ्या प्रत्येक वीजवाहिनीवर, मीटर लावा: ब्लोअर, दिवे, कॉम्प्रेसर, कर्मचाऱ्यांची राहण्याची जागा, कॅमेरे व संवेदक. नोंद दर सेकंदाला घ्या. पंधरा मिनिटांच्या सरासरीत मोटर सुरू होतानाचा झटका दिसतच नाही. थेट सुरू होणारी मोटर क्षणभर पूर्ण भाराच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते, आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो तो नेमका त्या क्षणी. ब्लोअरला सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू सुरू करणारे साधन) किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा नियंत्रक) नसेल तर चाचणीआधी बसवून घ्या. हा खर्च यंत्र आले नाही तरी वाया जात नाही.

एक नमुना हिशेब करू. १८.५ किलोवॅटचे दोन ब्लोअर ७० टक्के भाराने आठ तास चालले तर सुमारे २०७ युनिट लागतात. पाण्याखालचे ६०० वॅटचे १२ दिवे दहा तास लावले तर ७२ युनिट. कॅमेरे, संवेदक, संपर्कयंत्रणा आणि राहण्याची जागा मिळून ४.२ किलोवॅटचा भार चोवीस तास असेल तर १०१ युनिट. एकूण दिवसाला ३८० युनिट, म्हणजे सरासरी सुमारे १६ किलोवॅट, पण दोन्ही ब्लोअर पूर्ण भारावर आले की मागणी ४० च्या वर जाते. जाळी धुण्याचे पंप बार्जवरून चालत असतील तर तो भार वेगळा धरा. तो थोडा वेळ असतो पण मोठा असतो.

मग लाटा मोजा

खोल पाण्यात दर मीटर लाटमाथ्यामागची शक्ती, किलोवॅटमध्ये, अंदाजे अशी निघते: ०.४९ × लक्षणीय लाटउंचीचा वर्ग × ऊर्जाकाल. लक्षणीय उंची म्हणजे सर्वात उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी, ऊर्जाकाल म्हणजे लाटांतल्या ऊर्जेनुसार काढलेला सरासरी काल. उंची मीटरमध्ये, काल सेकंदांत. उंची १.२ मीटर आणि काल ६ सेकंद असेल तर मीटरमागे ४.२ किलोवॅट. यंत्राची रुंदी ६ मीटर आणि त्याने त्यातली २० टक्के शक्ती टिपली तर ५ किलोवॅट. जनित्र, कन्व्हर्टर, केबल आणि बॅटरी यांतून ७० टक्के पलीकडे पोचले तर बार्जवर ३.५ किलोवॅट, दिवसाला ८४ युनिट. वरच्या मागणीचा हा पाचवा भाग आहे. पिंजरे टिकावेत म्हणून जागा मुळातच थोडी शांत निवडलेली असते, त्यामुळे यापेक्षा मोठ्या आकड्याची आशा धरताना सावध राहा.

आता शांत आठवडा घ्या: उंची ०.४ मीटर, काल ४ सेकंद. मीटरमागे ०.३ किलोवॅट. त्याच हिशेबाने बार्जवर पाव किलोवॅट, आणि त्यातूनच यंत्राचे स्वतःचे नियंत्रण चालायचे. उंची एक तृतीयांश झाली आणि वीज चौदाव्या हिश्श्यावर आली. उंचीचा वर्ग हा असा कापतो.

हे आकडे तुमच्या जागेचे हवेत, म्हणून लाटमापक बोया किमान एक वर्ष ठेवा. नोंद वीस ते तीस मिनिटांच्या तुकड्यांत, आणि प्रत्येक तुकड्याचा पूर्ण वर्णपट, म्हणजे कोणत्या कालाच्या लाटांत किती ऊर्जा आहे त्याची नोंद, जपून ठेवा, फक्त सरासरी नको. इथे एक चूक वारंवार होते. बोया देतो शिखरकाल (सर्वाधिक ऊर्जेच्या लाटांचा काल) किंवा शून्यछेदकाल (पाणी सरासरी पातळी ओलांडून वर येण्याच्या दोन वेळांमधला सरासरी काल), आणि लोक तोच वरच्या सूत्रात टाकतात. सूत्राला लागतो वर्णपटावरून काढलेला ऊर्जाकाल. शिखरकाल टाकला तर शक्ती फुगते, शून्यछेदकाल टाकला तर आकसते. ईआरए५ सारख्या जागतिक पुनर्विश्लेषणाचा, म्हणजे जुन्या निरीक्षणांवरून संगणकाने पुन्हा मांडलेल्या हवामानाचा, लाटांचा डेटा अर्ध्या अंशाच्या जाळीवर मिळतो. वीस-तीस वर्षांचा कल बघायला तो उत्तम, पण बेटांच्या आडोशाला किंवा उथळ पाण्यात तो जसाच्या तसा वापरू नका. त्यावरून स्वॅनसारखे, किनाऱ्याजवळ लाटा कशा बदलतात ते काढणारे संगणकी प्रतिमान चालवा आणि ते आपल्या बोयाच्या नोंदींशी पडताळा. बोया पिंजऱ्यांच्या मागे ठेवू नका. जाळी आणि तराफे लाटा थोड्या मोडतात आणि तुम्ही मोडलेल्याच लाटा मोजत बसता.

शेवटी उंची आणि काल यांचा तक्ता तयार होतो. वीजनिर्मिती मोजण्याच्या आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोग) टीएस ६२६००-१०० या तांत्रिक विनिर्देशात या तक्त्याचे कप्पे जास्तीत जास्त ०.५ मीटर आणि १ सेकंदाचे आहेत. शांत जागेसाठी उंचीचे कप्पे पाव मीटरचे करा, नाहीतर तुमचे अर्धे वर्ष एकाच कप्प्यात जाऊन बसेल.

टाकीतली चाचणी: छोट्या प्रतिकृतीचे मोठे सापळे

उत्पादकाकडे कृत्रिम लाटांच्या टाकीत छोट्या प्रतिकृतीवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष असतील तर मूळ नोंदी मागा. नसतील तर ही पायरी वगळू नका. एडिनबरोची फ्लोवेव्ह टाकी गोल आहे, व्यास २५ मीटर, खोली २ मीटर, आणि भोवती लाटा उठवणारी १६८ पॅडल. त्यामुळे लाटा कुठल्याही दिशेने आणि प्रवाहासह उठवता येतात. १:२० प्रमाणात २ मीटर म्हणजे ४० मीटर खोली, म्हणजे पिंजऱ्यांच्या जागांच्या आसपासच.

लाटांच्या प्रयोगात प्रमाण फ्राउड नियमाने बदलते, म्हणजे जडत्व आणि गुरुत्व यांचे गुणोत्तर तेच राहील अशा बेताने. १:२० प्रतिकृतीत लांबी २० पट कमी, काळ ४.४७ पट कमी, बल ८,००० पट कमी आणि शक्ती जवळजवळ ३५,८०० पट कमी. समुद्रातली १.२ मीटरची, ६ सेकंदांची लाट टाकीत ६ सेंटिमीटरची आणि १.३ सेकंदांची होते. समुद्रातले ५ किलोवॅट टाकीत ०.१४ वॅट होतात.

हा ०.१४ वॅट नीट डोळ्यांपुढे आणा. प्रतिकृतीच्या सरकत्या दांड्याच्या बेअरिंगमध्ये १ न्यूटन घर्षण आहे, म्हणजे शंभर ग्रॅम वजनाइतके. दांडा सरासरी सेकंदाला ५ सेंटिमीटर सरकतो. घर्षणात ०.०५ वॅट जातो, म्हणजे मिळणाऱ्या शक्तीचा तिसरा हिस्सा. मोठ्या यंत्रात घर्षणाचा हिस्सा इतका नसतो. म्हणून टाकीत पाणी सोडण्याआधी दांडा कोरडा, हळू आणि जलद वेगाने ओढून घर्षण मोजून ठेवा आणि हिशेबात वेगळे दाखवा. हे न करता मोठ्या प्रमाणावर नेलेला आकडा कुठल्याही बाजूला घसरू शकतो.

बल आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, पण दोन्ही वाहिन्या एकाच क्षणी टिपल्या गेल्या पाहिजेत. लोडसेलवर, म्हणजे बल मोजणाऱ्या संवेदकावर, एक फिल्टर आणि विस्थापनावर दुसरा असला की त्यांच्यात काही मिलिसेकंदांचा फरक पडतो आणि सरासरी शक्ती चुकते. दोन्हींना एकच फिल्टर लावा. लोडसेलची क्षमताही मापानुसार हवी: समुद्रात ८० किलोन्यूटनचा नांगरदोराचा ताण टाकीत १० न्यूटन असतो. त्यासाठी ५० न्यूटनचा लोडसेल ठीक, ५०० चा घेतला तर अर्धे मापन गोंगाटात बुडेल.

क्रम असा ठेवा. आधी स्थिर पाण्यात यंत्र खाली दाबून सोडा आणि डोलणे कसे विरते ते पाहा, त्यातून नैसर्गिक काल व अवमंदन, म्हणजे हालचाल रोखून विरवणारा अडथळा, कळते. मग नियमित लाटा, एकेका कालाला अवमंदनाच्या पाच-सहा पायऱ्यांवर. मग अनियमित लाटा, समुद्रातल्या किमान अर्ध्या तासाइतक्या, म्हणजे टाकीत सुमारे ७ मिनिटे. दोन फेऱ्यांच्या मध्ये पाणी पूर्ण निवळू द्या. एक समुद्रस्थिती तीन वेळा करून बघा. तीन उत्तरांत जितका फरक पडतो, तितकी तुमची खरी अचूकता.

हवेच्या कोठीचे, म्हणजे दोलायमान जलस्तंभाचे यंत्र असेल तर आणखी एक अडचण आहे. हवेची स्प्रिंगसारखी दबण्याची वृत्ती प्रमाणाबरोबर बदलत नाही. म्हणून कोठीतल्या हवेचे आकारमान लांबीच्या घनाऐवजी वर्गाने कमी करावे लागते. समुद्रात ४० घनमीटर हवा असेल तर १:२० प्रतिकृतीत भूमितीने ५ लिटर येते, पण लागते १०० लिटर. उरलेल्या ९५ लिटरसाठी बाहेर टाकी जोडावी लागते. ती जोडलेली नसेल तर त्या प्रयोगातली वीज समुद्रात मिळेलच, असे गृहीत धरू नका.

शेवटी तगण्याची चाचणी. मत्स्यपालन संरचनांसाठीचे नॉर्वेचे एनएस ९४१५ हे मानक ५० वर्षांतल्या लाटेसोबत १० वर्षांतला प्रवाह, आणि उलटही, असे जोड तपासायला लावते. यंत्राला हीच कसोटी लावा, कारण ते पिंजऱ्यांचे शेजारी होणार आहे. तीन तासांचे वादळ टाकीत ४० मिनिटे चालते. एक नांगरदोर मुद्दाम तोडून उरलेल्या दोरांवरचा ताण आणि यंत्र किती सरकते तेही मोजा.

कोरड्या जमिनीवर

बाकी सगळे नीट असूनही समुद्रातली चाचणी बंद पडते ती सहसा सील, कनेक्टर आणि नियंत्रण यांच्यामुळे. हे तिन्ही जमिनीवर तपासता येतात, आणि इथला एक आठवडा समुद्रातले महिने वाचवतो.

सहा सेकंदांच्या लाटेत यंत्र दिवसाला १४,४०० वेळा आणि वर्षाला बावन्न लाखांहून जास्त वेळा हलते. शक्तीग्रहण यंत्रणा, म्हणजे हायड्रॉलिक सिलिंडर, बेल्ट किंवा रेषीय जनित्र, जे काही असेल ते बाह्य मोटरने टाकीतल्या नोंदींप्रमाणे हलवा. सलग दहा दिवस चालवले तर दीड लाखाच्या आसपास आवर्तने होतात. आयुष्य ठरवायला ती पुरत नाहीत, पण चुकीची जुळणी, तापणारे तेल आणि पाझरणारे सील यांतून नक्की दिसतात. तेलाचे तापमान, दाब आणि दांड्यावरचा ओलावा रोज नोंदवा. तेल जैवविघटनशील हवे, आणि गळती झालीच तर ते थेट पाण्यात न जाता मधल्या कप्प्यात साठावे व तिथे गळतीचा इशारा बसवलेला असावा.

विजेच्या बाजूचा सर्वात धोकादायक प्रसंग साधा आहे: बॅटरी भरली आणि भार नाही. नियंत्रकाने जनित्राचा भार सोडला की यंत्रावरचे अवमंदन संपते, यंत्राचा तराफा मोकाट उसळतो आणि दांडा टोकाच्या थांब्यावर आपटतो. काही तासांत वेल्डिंगला भेगा जाऊ शकतात. म्हणून जादा वीज उष्णतेत जाळणारा विद्युत रोधक यंत्रावरच हवा, बार्जवर नको. केबल तुटली तरी तो चालू राहिला पाहिजे. जमिनीवर हीच चाचणी करा: पूर्ण वेगात असताना केबल काढा आणि काय होते ते पाहा. चार वेळा नीट झाले तरच पुढे जा.

लाटेच्या प्रत्येक फेरीत वीज दोनदा शून्यावर येते आणि क्षणिक शिखर सरासरीच्या दहापटही जाऊ शकते. हायड्रॉलिक संचायक किंवा सुपरकॅपॅसिटर हा चढउतार गिळतो. बॅटरीवर हे काम टाकू नका. तिला तासांचा साठा सांभाळू द्या. मग खरा ब्लोअर जोडा आणि तो इन्व्हर्टरवर सुरू करून बघा. प्रतिरोधक भारावर पास झालेला इन्व्हर्टर मोटरवर नापास होताना सर्रास दिसतो.

समुद्रात, पण आधी माशांशिवाय

पहिली समुद्रचाचणी अशा जागी करा जिथे यंत्र सुटले तरी मासे किंवा जाळे वाटेत येणार नाही. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरच्या एमेक या सागरी ऊर्जा चाचणी केंद्राकडे उघड्या समुद्रातल्या जागेसोबतच लहान यंत्रांसाठी स्कापा फ्लोमध्ये आडोशाची जागा आहे, ती याच विचाराने. किमान तीन महिने, आणि त्यात एक तरी चांगले वादळ. या काळात ओढून नेणे, नांगराला जोडणे आणि सोडणे किमान तीन वेळा करा. जोडायला दोन तास आणि सोडायला दीड दिवस लागला, तर तो दोष वीजनिर्मितीपेक्षाही मोठा आहे, कारण दुरुस्तीची संधी लाटा एक मीटरच्या आत असतानाच मिळते.

पिंजऱ्यांजवळची जागा निवडताना एक मोह टाळा. यंत्र लाटांच्या बाजूला ठेवले तर ते पिंजऱ्यांना आडोसाही देईल, असे सांगितले जाते. सहा मीटरच्या एकट्या यंत्रामागे लाट थोड्याच अंतरात पुन्हा जुळून येते, त्यामुळे आडोसा नगण्य. पण दोर तुटला तर तेच यंत्र सरळ जाळ्यावर येते, जाळे फाटते आणि मासे निसटतात. म्हणून वादळी लाटांच्या मुख्य दिशेपासून ३० ते ४५ अंश बाजूला ठेवा, म्हणजे सुटलेले यंत्र पिंजऱ्यांना चुकवून जाईल. भरती-ओहोटीचा प्रवाहही त्याच नकाशावर आखा. यंत्राचे फिरण्याचे वर्तुळ, एक दोर तुटलेले धरून, पिंजऱ्यांच्या नांगरांच्या जाळीबाहेर राहिले पाहिजे. ओहोटीच्या वेळी दोर सर्वात सैल असतो, वर्तुळ तेव्हाचे धरा.

पिंजऱ्यांच्या नांगरजाळीलाच यंत्र बांधणे स्वस्त दिसते. करू नका. ती जाळी पिंजऱ्यांच्या संथ खेचेसाठी आखलेली असते, यंत्र तिला दर काही सेकंदांनी हिसका देते. शॅकल आणि थिंबल, म्हणजे दोर-साखळी जोडणारी कडी आणि दोराच्या फासातली धातूची खोबण, झिजतात ते याच हिसक्यांनी. नांगर स्वतंत्र, बसवल्यावर आराखड्यात धरलेल्या कमाल भारापर्यंत ओढून पाहिलेले, आणि किमान एका दोरावर ताणमापक शॅकल. त्याची नोंद सेकंदाला २० वेळा तरी घ्या. झटक्याचा ताण अर्ध्या सेकंदात येतो आणि जातो, सेकंदाला एक नोंद घेणाऱ्याला तो कधी दिसत नाही.

केबलचा हिशेब कागदावर आधीच करा. यंत्र बार्जपासून ४०० मीटरवर, केबल १६ चौरस मिलिमीटर तांब्याची. जाऊन-येऊन ८०० मीटर, रोध सुमारे ०.८८ ओहम. ५ किलोवॅट ४८ व्होल्टवर पाठवायचे तर १०४ अँपिअर, आणि पडणारा दाब ९१ व्होल्ट, म्हणजे मुळात होता त्याहून जास्त. ४०० व्होल्टवर तोच प्रवाह १२.५ अँपिअर आणि दाबघट ११ व्होल्ट, तीन टक्क्यांच्या आत. तेव्हा दाब यंत्रावरच वाढवा. केबल पाण्यात उत्प्लावकांनी उचलून सैल लाटेच्या आकारात सोडा, म्हणजे यंत्राची उसळी तिच्या टोकाला पोचत नाही. केबल मधे सहसा तुटत नाही, यंत्रात शिरते तिथे थकते. तिथे वाकरोधक हवाच. कनेक्टर डेकवर कोरड्यात जोडता येतील असे घ्या आणि दर महिन्याला मेगरने विद्युतरोधन मोजा. पहिल्या दिवसाचा आकडा लिहून ठेवा. एका मोजणीपेक्षा महिन्यागणिक होणारी घसरण जास्त बोलते.

झिंक अ‍ॅनोड, म्हणजे यंत्राऐवजी स्वतः गंजणारे जस्ताचे तुकडे, अपेक्षेपेक्षा लवकर संपत असतील तर रंगाला दोष देण्याआधी डीसी गळती शोधा. पाण्यात निसटणारा प्रवाह धातू पाहता पाहता खातो. आणि शिंपले-शेवाळ चढू न देणारा तांबेयुक्त रंग पिंजऱ्याजवळ टाळा, सिलिकॉनचा निसरडा लेप चालतो. शिंपले, बार्नाकल (घट्ट चिकटणारे कवचधारी जीव) आणि शेवाळ चढले की वजन वाढते, नैसर्गिक काल बदलतो आणि वीज हळूहळू उतरते. दांड्यावर बसलेला एक बार्नाकल सील कापू शकतो. म्हणून दर महिन्याला पाण्याखालची छायाचित्रे त्याच कोनातून घ्या.

मासे काय म्हणतात

यंत्र यायच्या आधी किमान दोन आठवडे हायड्रोफोनने, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनने, पार्श्वभूमीचा आवाज नोंदवा, शांत आणि खवळलेल्या दोन्ही दिवसांचा. सॅल्मनसारखे मासे काही शे हर्ट्झपर्यंतचा खालच्या पट्टीतला आवाज टिपतात, आणि गिअरबॉक्स, पंप व टोकाच्या थांब्यावरचे ठोके त्याच पट्टीत येतात. मोजणीची पद्धत आयईसी टीएस ६२६००-४० मध्ये दिली आहे. पण डेसिबलपेक्षा खाद्याची नोंद मला जास्त विश्वासाची वाटते. यंत्राजवळचा एक पिंजरा आणि दूरचा एक, दोन्हींत एकाच वयाचे मासे, आणि रोजचे खाद्यग्रहण शेजारी शेजारी लिहायचे. जवळच्या पिंजऱ्यात मासे खोल दडत असतील किंवा खाद्य सलग काही दिवस कमी उठत असेल तर यंत्र थांबवा आणि पुन्हा तुलना करा. पहिला महिना जवळचा पिंजरा रिकामा ठेवता आला तर फारच चांगले.

निकाल कशावरून

निर्मिती तीन ठिकाणी वेगळी मोजा: यंत्राने लाटेतून घेतलेली, जनित्रातून निघालेली आणि बार्जच्या बसबारवर, म्हणजे वीजफलकाच्या मुख्य पट्टीवर, पोचलेली. उत्पादक पहिली सांगतो, तुम्हाला तिसरी लागते. यंत्राचे स्वतःचे नियंत्रण, पंप आणि दिवे वजा करूनच आकडा लिहा.

डिझेलची बचत युनिटांवरून काढू नका, टाकीतल्या पातळीवरून काढा. चांगल्या भारावर जनरेटर युनिटमागे साधारण ०.३ लिटर घेतो. पण लाटांच्या विजेने त्याचा भार ३० टक्क्यांखाली गेला की युनिटमागचे डिझेल वाढते आणि अर्धवट जळालेले तेल एक्झॉस्टमध्ये साठू लागते. मग लाटांनी २० टक्के वीज दिली तरी डिझेल ८-१० टक्केच वाचते, आणि इंजिनची देखभाल वाढते. बॅटरीच्या आधाराने जनरेटर पूर्ण बंद राहिला असे तास मोजा. चाचणीचा एकच आकडा निवडायचा झाला तर मी हा निवडेन. वरच्या नमुन्यात ४.२ किलोवॅटचा कायम भार आणि रात्रीचे दिवे लाटा व बॅटरीवर टाका, ब्लोअर डिझेलवर राहू द्या. रात्रीचे दहा तास सुमारे ११५ युनिट मागतात. लाटांचे ३५ धरले तरी बॅटरीतून ८० जातात, म्हणजे १०० युनिटची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जेमतेम पुरते. ती दिवसा ब्लोअर चालू असताना, जनरेटर चांगल्या भारावर असतानाच भरून घ्यायची. रात्री इंजिन बंद, एवढे साधले तरी चाचणी उपयोगी ठरली.

ऑक्सिजनचे कॉम्प्रेसर मात्र लाटांच्या भरवशावर कधीही सोडू नका. त्यांच्यासाठी जनरेटर आपोआप सुरू झाला पाहिजे, आणि ती सुरुवात चाचणीच्या काळात दर आठवड्याला करून बघा. सौर पॅनेल जोडता येत असतील तर जोडा. शांत, निरभ्र दिवशी लाटा नसतात पण ऊन असते, आणि संकटाचे दिवस नेमके तेच. चीनमध्ये २०१९ मध्ये पाण्यात उतरलेल्या पेंगहू या अर्धबुडीत मत्स्यपालन मंचावर लहरी आणि सौर ऊर्जा सोबतच आहेत. स्कॉटलंडच्या आयल ऑफ मक इथल्या सॅल्मन पिंजऱ्यांजवळ अल्बाटर्न कंपनीने तिच्या स्क्विड यंत्रांची चाचणी घेतली. एकेका यंत्राची क्षमता ७.५ किलोवॅट होती आणि लागेल तशी यंत्रे एकमेकांना जोडत जायची, अशी ती रचना. पिंजऱ्यांच्या कामाला याच मापाची, गरजेप्रमाणे वाढवता येणारी यंत्रे शोभतात.

वादळात यंत्र वीज करत राहावे असा आग्रह धरू नका. तेव्हा लाटांशी मेळ तोडून शांत बसणे हाच त्याचा गुण. पोर्तुगालच्या अगुसादोराजवळ कॉरपॉवर कंपनीचे लाटांपासून वीज करणारे यंत्र १८.५ मीटरपर्यंतच्या लाटांतून तरले, ते अशाच बेमेळ अवस्थेत राहून. तुमच्या यंत्राची ही अवस्था वीज आणि संपर्क दोन्ही गेल्यावर आपोआप येते का, हे करारात लिहून घ्या.

चाचणीचा काळ एक वर्षाचा ठेवा, निदान त्यात शांत हंगाम पूर्ण आला पाहिजे. वर्ष संपल्यावर यंत्र बाहेर काढले की ते धुण्याआधी छायाचित्रे घ्या आणि चढलेल्या शिंपल्यांचे वजन करा. मग साखळीच्या कड्यांचा व्यास कॅलिपरने मोजा, विशेषतः तळाला टेकून घासणाऱ्या भागातला, आणि बसवताना घेतलेल्या मापांशी जुळवा. सील उघडा, दांड्यावरचे ओरखडे नखाला लागतात का बघा, तेलाचा नमुना पाण्याच्या अंशासाठी तपासायला द्या, केबलचे यंत्राकडचे टोक कापून आतल्या तारा हिरव्या पडल्या आहेत का पाहा. पुढच्या वर्षी ते यंत्र त्याच जागी परत उतरवायचे की नाही, हे या मोजमापांवर आणि जनरेटर बंद राहिलेल्या तासांवर ठरवा.